भट्टी विझली, नाव उरलं

माझ्या आजोळचं आडनाव शिकलगार. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलो, की नानांच्या दारात साण फिरताना दिसायची. विळे, कात्र्या, अडकित्ते, खाटकांचे सुरे. अख्ख्या गावाची धार नानांच्या हातात होती. साणेवरून ठिणग्या उडायच्या आणि आम्ही पोरं लांब बसून त्या मोजायचा प्रयत्न करायचो. एकदा मी विचारलं, ‘नाना, आपल्याला शिकलगार का म्हणतात?’ हातातला विळा बाजूला न ठेवता नाना म्हणाले, ‘आपल्याला विचारून म्हणतात होय रे? लोकांनी हाक मारली, आपण ओ दिली.’

नानांचं हे वाक्य पुढं बरीच वर्षं माझ्या मनात पडून होतं. ते वर आलं एका फ्रेंच आडनावामुळं. बी.ए.ला इतिहास होता आणि फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाचं नाव वर्गात कुणालाच धड घेता येत नव्हतं. इंग्रजी स्पेलिंग बघून कुणी ‘लेफेबव्हर’ म्हणायचं, कुणी ‘लफेबरे’. तो लेखक म्हणजे जॉर्ज लफेव्र. फ्रेंच राज्यक्रांतीकडे शेतकऱ्याच्या बांधावरून पाहणारा मोठा इतिहासकार. पुष्कळ वर्षांनी फ्रेंच शिकलेल्या एका स्नेह्यानं मला सांगितलं, ‘अहो, त्यातला ब लिहायचा असतो, म्हणायचा नसतो. आणि लफेव्र म्हणजे काय माहीत आहे का? लोहार!’ मला एकदम नानांची साण आठवली. इतक्या लांबच्या देशातलं हे आडनाव माझ्या आजोळच्या ओसरीवर येऊन बसल्यासारखं वाटलं. आज या एका आडनावाची गोष्ट सांगायची आहे.

गोष्ट सुरू होते लॅटिन भाषेतल्या ‘फाबेर’ या शब्दापासून. फाबेर म्हणजे कारागीर, हातानं काही घडवणारा. हळूहळू त्याचा अर्थ आकसला आणि तो लोखंड घडवणारा, म्हणजे लोहार झाला. रोमन साम्राज्य लयाला गेलं, लॅटिन लोकांच्या तोंडी झिजत गेली आणि तिच्यातून आज फ्रान्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात निरनिराळ्या बोली तयार झाल्या. उत्तरेच्या बोलीत फाबेरचा ‘फेव्र’ झाला. त्याच्यामागं ‘ल’ हे उपपद लागलं, इंग्रजीतल्या ‘द’सारखं, आणि ‘ल फेव्र’ म्हणजे ‘तो लोहार’ असं नाव तयार झालं. दक्षिणेकडच्या बोलींत याच शब्दाचे फाब्र, फोर, फाव्र असे अवतार झाले. कीटकांच्या आयुष्यावर जन्मभर लिहिणारा शास्त्रज्ञ जाँ-आंरी फाब्र आणि थोर संगीतकार गाब्रिएल फोरे ही दक्षिणेतल्या लोहार घराण्यांची नावं. पश्चिमेच्या ब्रिटनी प्रांतात वेगळीच भाषा, तिथं लोहार झाला ‘ल गॉफ’. पूर्वेला अल्सासमध्ये जर्मन वळणाची बोली, तिथं तो ‘श्मिट’.

हद्द ओलांडली तरी लोहार भेटतच राहतो. इंग्लंडात तो स्मिथ आहे, पोलंडात कोवाल्स्की, अरबांत हद्दाद. गोव्यात माहितीचं असलेलं फरेरा हे पोर्तुगीज आडनावही लोखंडाच्या खाणीशी आणि लोहारशाळेशीच नातं सांगतं. आणि आपल्याकडं तर लोहार हे आडनाव जसंच्या तसं आहेच.

आता प्रश्न असा, की लोहारच एवढे का? जुन्या फ्रान्समध्ये सगळ्यांत जास्त लोक शेती करायचे. मग निम्म्या देशाचं आडनाव शेतकरी का नाही? याचं उत्तर सोपं आहे. ज्या गावात दोनशे माणसं शेतकरी आहेत, तिथं ‘शेतकऱ्याचा जाँ’ म्हटल्यानं कुणाची ओळख पटणार? पण लोहार गावात एकच असतो. नांगराचा फाळ त्याच्याकडं, घोड्याचा नाल त्याच्याकडं, दाराची कडी आणि लढाईचा भालाही त्याच्याकडं. ‘जाँ ल फेव्र’ म्हटलं, की कोण ते साऱ्या पंचक्रोशीला कळायचं. गावात जे सगळ्यांकडं असतं त्याचं आडनाव सहसा होत नाही. जे एखाद्याकडंच असतं त्याचं होतं.

मुळात आडनाव ही गोष्टच फ्रान्समध्ये फार जुनी नाही. एक हजार वर्षांपूर्वी तिथल्या सामान्य माणसाला एकच नाव असायचं, बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं. पुढं वस्ती वाढली, गावं भरली, बाजाराची शहरं उभी राहिली. नावं मात्र त्याच त्या संतांची: जाँ, पिएर, गियोम, मार्टिन. एका गल्लीत चार जाँ झाले, की घोटाळा व्हायचा. मग लोकांनी त्यांना ओळखीची शेपटं जोडली. अकराव्या ते तेराव्या शतकात हे घडत गेलं. कुणाला बापाच्या नावानं ओळखू लागले. कुणाला जागेवरून: पुलाजवळ राहणारा द्युपाँ, रानाकडचा द्युब्वा. कुणाला रूपावरून: बुटका तो प्तीत, तांबड्या केसांचा तो लरू. आणि कुणाला धंद्यावरून: पीठ दळणारा म्यूनिए, भट्टीवाला फूर्निए, लोहार लफेव्र. लरवा म्हणजे ‘राजा’ असंही एक आडनाव आहे, पण त्याचा राजघराण्याशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. गावच्या एखाद्या खेळात तो राजा झाला असेल किंवा त्याची ऐट पाहून लोकांनी थट्टेनं म्हटलं असेल. आपल्याकडं नाही का, एखाद्या भणंगाला गाव ‘जहागीरदार’ म्हणतं आणि तेच त्याला चिकटून बसतं?

पॅरिस शहराच्या १२९२ सालच्या करवसुलीची यादी आजही जपलेली आहे. तीत कर देणाऱ्यांची नावं आणि त्यांना जोडून धंदे लिहिले आहेत. त्या काळी ते शब्द नाव आणि धंदा यांच्या मधोमध कुठंतरी उभे होते. माणूस धंदा सोडून गेला असता तर नावही बदललं असतं. पण पुढच्या शतकांत हळूहळू नाव गोठलं. लोहाराचा मुलगा विणकर झाला तरी लोक त्याला लफेव्रच म्हणू लागले. बापाची जमीन त्याच्याकडं आली, खरेदीखतावर बापाचं नाव होतं, कर वसूल करणाऱ्याच्या चोपडीत तेच होतं. मालमत्तेनं आणि कागदानं नाव पकडून ठेवलं.

इथं एक मजेची गोष्ट घडली, कवीला हळवं करणारी. फ्रेंच भाषेत लोहाराला पुढं ‘फोर्जराँ’ हा दुसरा शब्द रुळला आणि ‘फेव्र’ हा शब्द बोलण्यातून नाहीसा झाला. आज फ्रान्समधल्या कुणालाही लोहार हवा असेल तर तो ‘फेव्र’ म्हणणार नाही. तो शब्द फक्त ‘ऑर्फेव्र’, म्हणजे सोनार, या शब्दाच्या पोटात शिल्लक आहे. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी ‘सोनारांचा धक्का’ आहे. तिथल्या ३६ क्रमांकाच्या इमारतीत शहराच्या गुन्हे तपास पोलिसांचं मुख्य ठाणं २०१७ पर्यंत होतं, रहस्यकथा वाचणाऱ्यांना तो पत्ता चांगला ठाऊक असेल. बाकी भाषेनं जो शब्द टाकून दिला तो माणसांनी आपल्या दारावरच्या पाटीवर जपला. आज लफेव्र हे फ्रान्समधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांपैकी एक आहे. त्याची दाट वस्ती उत्तरेकडच्या पिकार्दी, नोर, नॉर्मंडी या भागांत. भट्टी विझली, शब्दही विझला, नाव तेवढं उरलं.

आता त्या न उच्चारायच्या ‘ब’ची कथा. पंधराव्या-सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या विद्वानांना आणि दफ्तरातल्या कारकुनांना लॅटिनचा फार अभिमान होता. लोकांच्या तोंडचे शब्द त्यांना गावंढळ वाटायचे. आपला शब्द कसा खानदानी आहे हे दाखवण्यासाठी ते त्यात लॅटिनमधली जुनी अक्षरं घुसडायचे. फेव्र हा फाबेरपासून आला ना, मग फाबेरमधला ‘ब’ फेव्रमध्ये दिसलाच पाहिजे. असा तो ब आला. लोहाराला त्याचा पत्ताही नव्हता. तो भाता ओढत बसला होता आणि इकडं कारकुनानं त्याच्या नावात अक्षर ठोकलं. पुढं आणखी गंमत झाली. त्या काळच्या लिपीत ‘उ’ आणि ‘व’ या दोन ध्वनींसाठी वेगळी अक्षरं पक्की झालेली नव्हती. कुणीतरी ‘व’ला ‘उ’ वाचलं आणि लफेव्रचा ‘लफेब्यूर’ झाला. वाचनाच्या चुकीतून जन्मलेलं हे आडनाव आज हजारो माणसं अभिमानानं लावतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. लोकांनी हाक मारली, त्यांनी ओ दिली.

एकाच आईची दोन मुलं, पण धर्मगुरूंच्या नोंदवहीत एकाचं नाव ब घालून आणि दुसऱ्याचं ब न घालता लिहिलेलं, असंही होत असे. लिहिणारा कानाला ऐकू येईल तसं लिहायचा आणि ज्याचं नाव लिहिलं जात होतं त्याला बहुधा वाचताच येत नव्हतं.

या नोंदवह्या हा फ्रान्सचा मोठा ठेवा आहे. बर्गंडीतल्या झिव्री गावची वही १३३४ सालापासूनची आहे. लग्नं आणि दफनं यांच्या नोंदी तीत आहेत. एरवी तीत वर्षाला थोडीच दफनं असायची, पण १३४८ मध्ये प्लेगची काळी साथ आली आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून चार महिन्यांत सहाशेहून अधिक दफनांची नोंद झाली. पानामागून पान नुसती नावं. ज्यांचं दुसरं काहीच उरलं नाही, त्यांचं नाव उरलं.

१५३९ साली राजा पहिला फ्रान्स्वा याने व्हिलेर-कोत्रे इथं एक मोठा हुकूम काढला. न्यायालयाचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहायचे, आणि प्रत्येक चर्चनं बाप्तिस्म्याची नोंद ठेवायची. १५७९ च्या हुकमानं लग्नं आणि मृत्यू यांच्या नोंदीही आल्या. १६६७ मध्ये चौदाव्या लुईनं नोंदवहीच्या दोन प्रती ठेवायला सांगितल्या. राज्यक्रांती झाल्यावर २० सप्टेंबर १७९२ रोजी या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकेकडं सोपवल्या गेल्या. आणि २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्यानं सांगितलं, की जन्माच्या दाखल्यावर जे नाव आहे त्याखेरीज दुसरं नाव कोणाही नागरिकानं लावू नये. गावानं सहज मारलेली हाक आता कायद्याची मोहोर झाली.

या आडनावाची माणसं कुठं कुठं गेली ते पाहा. पिकार्दीतला झाक लफेव्र देताप्ल हा पंडित. लॅटिन ग्रंथांवर तो आपलं नाव ‘फाबेर’ असं लिहायचा. त्यानं बायबलचा नवा करार फ्रेंचमध्ये आणला, १५२३ साली, म्हणजे साध्या लोहारालाही कळेल अशा भाषेत. दुसरा आबव्हीलचा फ्रान्स्वा-जाँ लफेव्र द ला बार. धार्मिक मिरवणूक जाताना डोक्यावरची टोपी काढली नाही, अभद्र गाणी म्हटली, असे आरोप ठेवून १ जुलै १७६६ रोजी या २० वर्षांच्या पोराचा शिरच्छेद केला आणि त्याच्या देहाबरोबर व्हॉल्तेरचं एक पुस्तकही जाळलं. व्हॉल्तेर त्याच्यासाठी लिहीत राहिला. तिसरा फ्रान्स्वा-जोसेफ लफेव्र, साधा शिपाई म्हणून सुरुवात करून नेपोलियनचा सेनापती आणि डॅन्झिगचा ड्यूक झाला. त्याची बायको कपडे धुण्याचं काम करणारी होती, आणि ड्यूकची बायको झाल्यावरही तिनं आपलं बोलणं बदललं नाही, म्हणून तिच्यावर पुढं नाटक लिहिलं गेलं. चौथा आंद्रे लफेव्र, सित्रोएन कारखान्याचा इंजिनीअर. १९५५ ची प्रसिद्ध डीएस मोटार घडवणाऱ्यांत तो होता. लोखंडाची ओढ नावातून परत आली म्हणावं, असं मनात येतं खरं, पण तो योगायोग. पंडित, बळी, सेनापती, इंजिनीअर. नाव एक, माणसं चार तऱ्हांची.

मात्र या वहीत सगळ्यांना जागा नव्हती. वही चर्चची होती, म्हणजे कॅथलिकांची. फ्रान्समधले प्रॉटेस्टंट, ज्यांना ह्यूगेनॉट म्हणतात, त्यांना मिळालेलं धर्मस्वातंत्र्य चौदाव्या लुईनं १६८५ मध्ये काढून घेतलं. पुष्कळ जण देश सोडून गेले. काही तर त्याआधीच गेले होते. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ न्यू पाल्ट्झ हे गाव वसवण्यासाठी १६७७ साली ज्या बारा जणांच्या नावे जमीन मिळाली, त्यांत दोन लफेव्र होते. जे मागं राहिले त्यांनी लपूनछपून, डोंगरात, रानात आपल्या धर्मगुरूंपुढं लग्नं लावली. ती लग्नं सरकारदरबारी लग्नं नव्हती. त्यांची मुलं कायद्याच्या नजरेत अनौरस. बापाचं नाव लफेव्र असलं तरी ते मुलाला लावता येईल, बापाची जमीन मिळेल, याची खात्री नाही. शंभर वर्षं हे चाललं. १७८७ मध्ये सोळाव्या लुईनं हुकूम काढून बिगर-कॅथलिकांना जन्म, लग्न आणि मृत्यू नोंदवण्याची मुभा दिली. दोन वर्षांनी क्रांती झाली. माणसाला माणूस म्हणून वहीत लिहिणं हे काम फ्रान्सच्या राजाला फार उशिरा सुचलं.

पुढं नाव देणं हे सरकारचं काम झालं आणि त्यातून आणखी काही कहाण्या निर्माण झाल्या. २० जुलै १८०८ ला नेपोलियननं ज्यूंना कायमचं आडनाव घेण्याचा हुकूम केला. १८४८ मध्ये फ्रान्सच्या वसाहतींतली गुलामगिरी संपली. अडीच लाखांच्या आसपास माणसं मुक्त झाली. तोवर त्यांना एक हाक मारायचं नाव आणि वहीतला एक क्रमांक होता, आडनाव नव्हतं. आता अधिकारी वह्या घेऊन वस्त्यांमधून फिरले आणि नावं देत गेले. बेटावरच्या गोऱ्या घराण्यांची आडनावं त्यांना द्यायची नाहीत, अशी ताकीद होती. मग कुणाला प्राचीन इतिहासातलं नाव मिळालं, कुणाला झाडाझुडपाचं, कुणाला अक्षरांची उलटापालट करून बनवलेलं. स्वातंत्र्य मिळालं, त्यामागून नावही मिळालं, पण ते निवडलं दुसऱ्यानं.

आपल्या देशातही या गोष्टीचं एक पान आहे. पाँडेचेरी तेव्हा फ्रेंचांकडं होती. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकमानं तिथल्या लोकांना आपले जातिधर्माचे वैयक्तिक कायदे सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारण्याची मुभा मिळाली, आणि असं करणाऱ्यांना आडनाव घ्यावं लागे. त्यांचे पुढारी वकील पोन्नुतंबी पिल्लै यांनी ‘ला पोर्त’ हे आडनाव घेतलं. ला पोर्त म्हणजे दार. एक दार बंद करून दुसरं उघडणाऱ्या माणसाला यापेक्षा नेमकं नाव कोणतं शोभलं असतं?

पण अल्जीरियातल्या मुसलमानांना असं निवडायला मिळालं नाही. अरबी रिवाजात माणसाची ओळख साखळीसारखी असते: स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं, कधी मुलाचं, कधी गावाचं. २३ मार्च १८८२ च्या कायद्यानं फ्रेंच सरकारनं सांगितलं, की हे चालणार नाही, प्रत्येकाला एकच ठरावीक आडनाव हवं. ज्यांनी निवडलं नाही त्यांना अधिकाऱ्यांनी दिलं. कधी सख्ख्या भावांना वेगवेगळी आडनावं मिळाली आणि जमिनीचा हिस्सा सांगताना भाऊपण सिद्ध करायची पाळी आली. कधी टिंगल करणारी नावं मिळाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वागवावी लागली. ज्यांना मिळालंच नाही, त्यांच्या कागदावर ‘आडनाव नाही’ अशी तीन आद्याक्षरं लिहिली गेली आणि कित्येकांच्या बाबतीत ती अक्षरंच जणू आडनाव झाली.

हे सगळं वाचताना मला सारखी एक जोडी आठवत राहते. लफेव्र नावाचंच एक धाकटं रूप म्हणजे ‘फेव्र’. ल्युसियाँ फेव्र हा त्या नावाचा थोर इतिहासकार. त्याचा जोडीदार मार्क ब्लॉक. ब्लॉक हे ज्यू आडनाव. पोलिश भाषेतल्या ‘परका’ अशा अर्थाच्या शब्दापासून ते आलं असं मानतात. म्हणजे एक लोहार आणि एक परका. या दोघांनी १९२९ साली स्ट्रासबर्गला ‘आनाल’ हे नियतकालिक सुरू केलं आणि इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्या, ही समजूत मोडून काढली. माणसांची नावं हेही इतिहासाचं साधन आहे, असं ब्लॉक सांगत असे.

मग १९४० आलं. फ्रान्स हरला, पॅरिसवर जर्मनांचा ताबा आला, ज्यूंविरुद्धचे कायदे झाले. मुखपृष्ठावर ब्लॉकचं नाव ठेवून पॅरिसमधून ‘आनाल’ काढणं अशक्य होतं. फेव्रनं ब्लॉकला लिहिलं, की नियतकालिक जगायला हवं, तू नाव मागं घे. ब्लॉकनं आधी साफ नकार दिला. नाव काढणं म्हणजे शरण जाणं, असं त्याचं म्हणणं होतं. १९४१ च्या वसंतात दोघांत कडू पत्रव्यवहार झाला आणि अखेर ब्लॉक तयार झाला. मुखपृष्ठावर लोहार राहिला, परका उतरला. पुढं ब्लॉक त्यात लिहीत राहिला, पण ‘फुजेर’ या नावानं. फुजेर हे त्याच्या खेड्यातल्या घराच्या जागेचं नाव. नंतर तो भूमिगत लढ्यात उतरला आणि तिथं आणखी नावं घेतली. ८ मार्च १९४४ ला लिऑनमध्ये तो पकडला गेला. छळ झाला. १६ जूनला गेस्टापोनं त्याला इतरांबरोबर गोळ्या घातल्या. आपण ज्यू जन्मलो आणि ते नाकारण्याचा विचार कधी केला नाही, असं त्यानं आपल्या मृत्युपत्रात आधीच लिहून ठेवलं होतं.

फेव्र चुकला की बरोबर, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मी न्याय करणारा कोण? पण मला एवढं कळतं, की एका माणसाला त्याच्या नावामुळं राहता आलं आणि दुसऱ्याला त्याच्या नावामुळं उतरावं लागलं, आणि दोघांपैकी कुणीही ते नाव निवडलेलं नव्हतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी मारलेल्या दोन हाका होत्या त्या. आज ‘आनाल’चे संस्थापक म्हणून दोन्ही नावं एकत्रच घेतली जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ब्लॉकला पॅरिसच्या पाँथेआँमध्ये, देशाच्या थोरांच्या स्मारकात, स्थान देण्याची घोषणा केली. उतरवलेलं नाव देशानं पुन्हा वर चढवलं, ऐंशी वर्षांनी.

अलीकडं फ्रान्समध्ये या नावांची गाठ थोडी सैल झाली आहे. २००२ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २००५ पासून आईवडील मुलाला आईचं आडनाव किंवा दोघांची मिळून आडनावं देऊ शकतात. त्याआधी वैध लग्नातल्या मुलाला बापाचंच नाव लागायचं. १ जुलै २०२२ पासून तर सज्ञान माणसाला नगरपालिकेत एक अर्ज भरून आयुष्यात एकदा आईचं नाव घेता येतं. शतकानुशतकं लोहाराच्या घरातल्या बायकांची नावं कुठं गेली, हा प्रश्न कुणीतरी विचारला म्हणायचं.

शेवटी एका कवीचं नाव घेतो. मालेक हद्दाद, अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनचा, जन्म १९२७. हद्दाद म्हणजे अरबी लोहार. पण त्याची शाळा फ्रेंच, म्हणून त्याची कविता फ्रेंच. फ्रेंच भाषा हाच आपला वनवास आहे असं तो म्हणायचा, आणि १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्यानं पुस्तकं लिहिणं जवळजवळ थांबवलं. लफेव्रच्या भाषेत लिहिणारा हद्दाद! दोन्ही लोहारच, पण एकाला दुसऱ्याच्या भट्टीत हात घालताना चटका बसत होता.

माझं दैव त्या बाबतीत बरं. मराठी ही मला कुणी लादलेली नाही, माझ्या अंगणातली आहे. तरीसुद्धा कविसंमेलनात माझं नाव पुकारलं, की नंतर चहाच्या वेळी कुणीतरी प्रेमानं विचारतंच, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?’ पूर्वी राग यायचा. आता मी त्यांना नानांची गोष्ट सांगतो. शिकलगार हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेनं आला, शस्त्रं घासून लखलखीत करणारा तो शिकलगार. पण नानांनी धार लावली ती मराठी विळ्यांना, आणि गिऱ्हाइकांशी भाव केला तो मराठीत. नाव सांगतं आपल्या कुठल्यातरी पूर्वजाला कुणी कशी हाक मारली होती एवढंच. आपण कोण आहोत, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपल्याला ओ देऊन सांगावं लागतं.